अंगाचा सातबारा

आमच्या घरात कागद जपून ठेवायची जागा एकच, ती म्हणजे सासऱ्यांच्या वेळची लोखंडी पेटी. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, विहिरीच्या मोटारीची बिले, पोरांचे शाळेचे दाखले असे सगळे असते. पेटीला कुलूप, आणि किल्ली आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या कमरेला. एखादा उतारा जुना झाला म्हणून कोणी फाडला, तर घरात महाभारत होईल.

दवाखान्याच्या कागदांना मात्र त्या पेटीत कधी जागा मिळाली नाही. माणूस बरा होऊन घरी आला की त्याची दवाखान्याची पिशवी खुंटीला लागायची. गोळ्या संपल्या की कोणीतरी तिच्यात भोपळ्याचे बी ठेवायचे. मग दिवाळीच्या साफसफाईत पिशवी खाली यायची आणि आतले कागद पाण्याच्या बंबात जायचे. हे काम घरात माझ्याच हातून होत आले. तेव्हा आज जे लिहिते आहे ते माझी चूक कबूल करून लिहिते आहे, असे समजा.

२०१८ साली आत्याबाईंचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. पुढे पाच वर्षे त्या ठणठणीत होत्या. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या ओटीपोटात दुखू लागले, म्हणून सोलापूरला दाखवायला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मागच्या ऑपरेशनात नेमकं काय काय काढलं? कशासाठी काढलं? काढलेला भाग तपासायला पाठवला होता का? त्याचा रिपोर्ट कुठं आहे?"

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. पिशवी काढली, एवढेच आम्हाला ठाऊक. रिपोर्ट होता की नव्हता, हे आता फक्त आमच्या बंबालाच माहीत.

जिथे ऑपरेशन झाले होते तिथे दुसऱ्या दिवशी गेले. तिथल्या माणसाने नीट बोलून सांगितले, "बाई, पाच वर्षं झाली. तीन वर्षांपुढचे कागद आम्ही ठेवत नाही." मला वाटले, हा टाळतो आहे. पण पुढे कळले की तो खोटे बोलत नव्हता. दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवावेत, असाच नियम आहे. त्यापुढे ते जपायचे कोणी, तर ज्याचे अंग त्याने.

मग सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून झाल्या. दुखणे साधेच निघाले, ही देवाची कृपा. पण रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आत्याबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त सोलापूरहून परत येताना एस.टी.त म्हणाल्या, "जमिनीचा कागद जपला गं आपण. माणसाचा नाही जपला."

या गोष्टीला सहा महिने होतात न होतात तोच आमच्यावर दुसरी वेळ आली.

२०२४ च्या संक्रांतीला चार दिवस राहिले होते. रानात तुरीची मळणी चालू होती. दिवस मावळायला आला होता आणि थोडीच तूर राहिली होती. यंत्र दुसऱ्याच्या रानात जायचे म्हणून सगळ्यांची घाई चालली होती. माझे धाकटे दीर यंत्रात पेंढ्या सारत होते. सदऱ्याची बाही गुंतली आणि उजवा हात आत ओढला गेला. पुढचे लिहीत नाही. ज्यांनी असे काही पाहिले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यावर ती वेळ येऊ नये.

तालुक्याच्या गावी जो दवाखाना जवळ पडला तिथे नेले. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीच ऑपरेशन केले. मनगटापासून हात काढावा लागला, पण माणूस वाचला. पुढे मी त्या दवाखान्याची तक्रार सांगणार आहे, म्हणून हे आधी सांगितले पाहिजे. नऊ दिवसांनी भाऊजी घरी आले. बिलासाठी निम्मी तूर गेली आणि माझ्या जावेचे, कमलचे, गंठण गेले. हातात काय आले, तर एक पानी डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी.

गावचे कृषी सहायक भेटायला आले. शेतकऱ्यांच्या अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, ती त्यांनी समजावून दिली. अपघाती मरण आले किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. पूर्वी हे विमा कंपनीमार्फत होत असे. २०२३ पासून सरकार स्वतःच अनुदान देते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा. सातबारा, वयाचा पुरावा, अपंगत्वाचा दाखला आणि उपचाराचे कागद जोडायचे. "डिस्चार्ज कार्डावर भागेल असं धरू नका," ते म्हणाले. "ऑपरेशनची नोंद, केसपेपर, सगळं असू द्या. दाखल्यासाठी तपासतील तेव्हाही तेच विचारतील."

दुसऱ्या दिवशी आमचे मालक आणि मी दवाखान्यात गेलो. काउंटरवर एक पोरगा बसला होता. त्याला फाइल मागितली तर म्हणाला, "फाइल दवाखान्याची असते. बाहेर देत नाही."

"मूळ फाइल नको. नक्कल द्या," मी म्हणाले.

त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारले आणि परत येऊन सांगितले, "तीन हजार भरावे लागतील. फाइल चार्ज."

आमच्या मालकांनी खिशाला हात लावला. खिशात पाचशेची एक नोट होती, हे मला माहीत होते. ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चल, बघू पुढं." बाहेर पिंपळाखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो. पलीकडेच झेरॉक्सचे दुकान होते आणि दारावर पाटी होती, एका पानाला दोन रुपये. मी मनात हिशेब करत होते. तीन हजार म्हणजे दीड हजार पाने. नऊ दिवसांत एका माणसावर दीड हजार पाने लिहिली असतील काय?

गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात भाऊजींच्या जखमेची पट्टी बदलत असत. तिथल्या डॉक्टरबाई तरुण आहेत, पण बोलणे मायेचे. त्यांना मी सगळा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "वहिनी, तोंडी मागितलंत, म्हणून तोंडी उत्तर मिळालं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज दिल्यापासून बहात्तर तासांत कागद द्यायला ते बांधलेले आहेत. आम्ही सगळेच डॉक्टर बांधलेले आहोत."

त्यांनी मला जे सांगितले, ते मी मागाहून आमच्या भाच्याकडून नियम काढून घेऊन वाचले. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

डॉक्टरांनी कसे वागावे याचे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केले. दाखल रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे आणि रोग्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. न देणे ही डॉक्टरची गैरवर्तणूक समजली जाते आणि तिची तक्रार आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की रोग्याने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपर मागितले तर दवाखान्याने ते गुप्त म्हणून अडवून ठेवू नयेत. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की नकला पुरवण्याचा जरूर तो खर्च दवाखान्याने मागितला तर ते रास्त आहे. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातही हेच आहे. नकलेचा खर्च रोग्याने द्यावा, किंवा रोग्याला स्वतःच्या पैशाने नक्कल काढून घेऊ द्यावी.

म्हणजे फुकट मागायचे नाही. पण पानाला किती रुपये, हा आकडा २००२ च्या त्या नियमांत कुठे लिहिलेला नाही, आणि त्याच फटीतून तीन हजार आत शिरतात. खर्च नकलेचा द्यायचा असतो. आपले कागद आपण विकत घ्यायचे नसतात. डिजिटल सहीचा सातबारा आज पंधरा रुपयांत मिळतो. त्याचे कोणी तीन हजार मागितले, तर आपण चावडी डोक्यावर घेऊ. अंगाचा सातबारा मागताना मात्र आपण खिशाला हात लावतो आणि मुकाट्याने परत फिरतो.

त्या रात्री मी वहीचे पान फाडून अर्ज लिहिला. अर्ज भाऊजींच्या नावाने होता. मी म्हटले, "भाऊजी, डावा अंगठा उठवा, चालेल." ते काही वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "वैनी, मी दहावी झालोय. अंगठा नाही द्यायचा." त्यांनी डाव्या हातात पेन धरला. कमलने कागद दाबून धरला. सही करायला बराच वेळ लागला आणि अक्षरे पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली. हात गेल्यानंतर त्यांनी लिहिलेले ते पहिले अक्षर. अर्जाखाली मी आणखी एक ओळ लिहिली की उजवा हात गेल्यामुळे सही डाव्या हाताने केली आहे, आणि कागद घेण्यासाठी माझी भावजय व पत्नी यांना नेमतो आहे.

या खेपेला कमल आणि मी गेलो. तो पोरगा अर्ज ठेवून घ्यायला तयार होता, पण पोच द्यायला नको म्हणत होता. "साहेबांनी सांगितलं तर देईन." तशी कमल समोरच्या बाकावर जाऊन बसली. ही माझी जाऊ एरवी माणसांपुढे तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "सांगा साहेबांना. पोच घेतल्याबिगर मी उठायची नाही. माझं गंठण हितंच गेलंय."

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. रात्रभर उभे राहून ज्याने आमचा माणूस वाचवला, त्याच्यापुढे कागद मागायला उभे राहणे सोपे नव्हते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा? काही चुकलं असं वाटतंय का?"

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विश्वास होता म्हणून माणूस तुमच्या हवाली केला. कागद सरकार मागतंय, आणि उद्या दुसरा डॉक्टर मागेल. तुम्ही काय काय केलंत ते आम्हाला तोंडानं सांगता येत नाही. ते तुमचे कागदच सांगतील."

ते थोडे शांत झाले. मग म्हणाले, "खरं सांगू? फाइल मागायला कोणी आलं की आमच्या पोटात गोळा येतो. कोणीतरी भरवून दिलेलं असतं, पुढं केस होते. दवाखान्यात माणसं कमी. कागद शोधायला, लावायला एक माणूस दिवसभर अडकतो." त्यांचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटले नाही. आपल्याकडेही फेरफाराची नक्कल मागायला भाऊबंद आला की पोटात गोळा येतोच. पण म्हणून नक्कल द्यायची राहते का?

तीन हजारांचा विषय मी काढला. ते काउंटरकडे बघून म्हणाले, "तो आकडा कुठून आला ते मी बघतो." मग त्यांनी स्वतः पोचेवर सही केली आणि शिक्का मारून दिला.

तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. शेहेचाळीस पाने होती. पानाला दोन रुपये याप्रमाणे ब्याण्णव रुपये झाले. पैसे दिले आणि पावती घेतली. दीड हजार पाने कुठे आणि शेहेचाळीस कुठे!

संध्याकाळी ते कागद घेऊन आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरबाई एक एक पान वाचत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारले, "यांच्या अंगावर दवाखान्यात गांधी उठल्या होत्या का?" मला आठवले, तिसऱ्या रात्री भाऊजी अंग खाजवून हैराण झाले होते. आम्हाला वाटले, ढेकूण असतील. पण कागदावर नर्सने लिहून ठेवले होते की अमुक इंजेक्शन दिल्यावर गांधी उठल्या, इंजेक्शन बंद करून दुसरे चालू केले. डिस्चार्ज कार्डावर मात्र यातले काहीच नव्हते. डॉक्टरबाईंनी त्या इंजेक्शनाचे नाव लाल शाईने एका कार्डावर लिहिले आणि भाऊजींच्या खिशात ठेवले. "कुठल्याही डॉक्टरकडं जा, आधी हे दाखवा. पुढच्या वेळी गांधींवर भागेलच असं नाही." त्या एका ओळीसाठी मी तीन हजारसुद्धा दिले असते. पण ती ओळ तिथे आहे, हे आम्हाला कोण सांगणार होते?

प्रस्ताव मुदतीत गेला. पैसे यायला पुढे कितीतरी महिने लागले आणि खेटे पडले ते वेगळेच. पण कागद अपुरे आहेत, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

आता वाचणाऱ्या माझ्या बहिणींना आणि भावांना दोन शब्द सांगते. माणूस दवाखान्यातून घरी निघाला की त्याच वेळी अर्ज द्या, नंतर खेटे घालू नका. अर्जाला वकील लागत नाही. एवढेच लिहा: "मी अमुक, राहणार अमुक, आपल्या रुग्णालयात या तारखेपासून या तारखेपर्यंत दाखल होतो. माझे केसपेपर, ऑपरेशनची नोंद, तपासणीचे सर्व रिपोर्ट व बिले यांच्या नकला मिळाव्यात. नकलांचा योग्य खर्च मी देईन, त्याची पावती मिळावी. अर्जाची पोच द्यावी." अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या, दुसरीवर सही-शिक्का घ्या. बहात्तर तास त्या तारखेपासून मोजायचे. एक्स-रेची फिल्म आठवणीने मागून घ्या. रोगी स्वतः जाऊ शकत नसेल तर कोणाला नेमले ते अर्जात लिहा.

सरकारी दवाखाना असेल आणि साध्या अर्जाने काम झाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे आणि नकलेला पानाला दोन रुपये द्यायचे. माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ही फी पडत नाही.

आणि भांडायला म्हणून जाऊ नका. कागद मागणे म्हणजे डॉक्टरवर आळ घेणे नव्हे. सातबारा मागितला म्हणून तलाठ्याने चोरी केली, असे आपण म्हणतो का? सरळ मागा, खर्च द्या, पावती घ्या.

आता आमच्या लोखंडी पेटीत जुन्या लुगड्याच्या सहा पिशव्या आहेत, घरातल्या माणसागणिक एक. आत्याबाईंनी त्या स्वतः शिवल्या आणि भाऊजींनी डाव्या हाताने त्यांवर नावे घातली. पहिल्या पिशवीवरचे नाव वाचता येत नाही, सहाव्या पिशवीवरचे चांगले आले आहे. आत्याबाईंच्या पिशवीत मात्र २०२३ च्या आधीचा एकही कागद नाही. ती रिकामी जागा बघितली की मला माझ्या हातांची लाज वाटते.

तेव्हा बायांनो, दिवाळीला घर जरूर झाडा. पण बंबात कागद घालण्याआधी तो कशाचा आहे, तेवढे एकदा वाचून बघा.